लालटोपी हरला, चाहत्यांमध्ये आनंदाची लाट

गोल्फ या खेळाशी माझा संबंध आला तो आमचा क्रीडावार्ताहर न्हाणीघरात घसरला म्हणून. एरवी येण्याचं काही कारण नव्हतं. मी दैनिकात काम करतो खरा, पण खेळाच्या पानाशी माझा संबंध त्यावरच्या चुकांपुरता. तिसऱ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात 'चूक-दुरुस्ती' नावाची जी चौकट असते, ती गेली बावीस वर्षं मी सांभाळतो. त्यासाठी मी एक पद्धत घालून दिली आहे. ज्याची चूक असेल त्याने माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायचं, दुरुस्तीचा मजकूर मोठ्याने वाचायचा आणि खाली सही करायची. सही झाली की मी एवढंच विचारतो, "हे काल सही करण्याआधी वाचलं असतं तर?" उत्तराची अपेक्षा नसते. संपादकांसह सगळे त्या स्टुलावर बसून गेले आहेत. क्रीडावार्ताहर अकरा वेळा. मी एकदाही नाही. याचा मला गर्व आहे असं घरचे म्हणतात. मी त्याला नोंद म्हणतो.

शनिवारी संध्याकाळी संपादकांनी बोलावलं.

"उद्या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. सामन्याची बातमी वृत्तसंस्थेकडून येईल. तुम्ही फक्त प्रेक्षकांच्या पाच प्रतिक्रिया आणा. बातमीखाली चौकट करू. साडेसहाला पान जातं."

"मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही."

"उत्तम. म्हणजे मध्येमध्ये ज्ञान पाजळणार नाही."

पाच प्रतिक्रिया म्हणजे किती काम? 'कसं वाटलं?' असं विचारायचं, समोरचा सांगेल ते लिहायचं, नाव-वय-व्यवसाय टिपायचा आणि परत यायचं. मी रविवारची दुपारची झोपसुद्धा रद्द केली नव्हती, फक्त पुढे ढकलली होती.

घरी सांगितलं आणि इथून काम माझ्या हातातून निसटलं. बायको म्हणाली, "अहो, माझ्या भावाला न्या की बरोबर. त्याला येतं गोल्फ."

माझ्या मेव्हण्याला गोल्फ येतं ते कॉम्प्युटरवर. तिथे तो जागतिक विजेता आहे. गवतावर त्याने पाऊल टाकल्याची नोंद नाही. पण त्याच्यावर आयुष्यात कोणी एवढी जबाबदारी टाकली नव्हती, त्यामुळे तो अर्ध्या तासात हजर झाला. बातमी त्याच्या आधी जिन्यातून फिरली होती. तळमजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर राहतात. ते रोज सकाळी आमचं दैनिक हातात लाल पेन घेऊन वाचतात आणि सापडलेल्या चुकांना गोल करून अंक माझ्या दारात ठेवतात. ते मला जिन्यातच अडवून म्हणाले, "एक लक्षात ठेवा. या खेळात जो जास्त फटके मारतो तो हरतो. सर्वांत कमी मारणारा पहिला. अगदी आमच्या बँकेसारखं. जो कमी काम करेल त्याला बढती."

"पण मग फळ्यावर कुणाच्या नावापुढे उणे अकरा असलं तर?"

"तर तो पुढे आहे."

"कर्जात बुडाल्यासारखं वाटतं."

"तुम्हाला वाटू दे. लिहू नका म्हणजे झालं." आणि मग बेताने, "मी बावीस वर्षं वाट बघतोय."

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी उन्हाची काळजी केली. "उभं राहून पाय जातील तुमचे," म्हणत त्यांनी एक घडीचं स्टूल आणून दिलं. तीन पायांचं, कापडी बैठकीचं. ते उघडताना 'खटाक्' असा आवाज होतो हे त्यांनी सांगितलं नाही. कदाचित वर्गात त्याचा उपयोग होत असावा.

रविवारी सकाळी अकराला आम्ही फाटकावर पोचलो. पत्रकारांसाठी वेगळी खिडकी होती. माझ्याजवळ क्रीडावार्ताहराचा पास होता आणि पासावर क्रीडावार्ताहराचा फोटो. त्याला मिशी आहे. मला नाही. खिडकीतल्या गृहस्थांनी पासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बदली माणसाचा अर्ज शुक्रवारी पाचच्या आत द्यायचा होता."

"तो शनिवारी घसरला."

"मग अर्जात तसं लिहायचं."

"कुठल्या अर्जात?"

"शुक्रवारी द्यायचा होता त्या."

मी आयुष्यभर वाक्यं तपासत आलो आहे, पण या वाक्यात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. आम्ही मुकाट्याने तिकिटाच्या रांगेत गेलो. साधा प्रेक्षक म्हणून आत जायचं तर मोबाईल फाटकावर जमा करावा लागे. रिंगणात फोनला बंदी. मला चारशे सतरा नंबरचं टोकन मिळालं. म्हणजे कचेरीत काही कळवायचं असेल तर दर वेळी फाटकापर्यंत चालत या, टोकन द्या, फोन घ्या, बाहेर उभं राहून बोला, फोन परत जमा करा आणि नवं टोकन घेऊन आत जा. फाटक आणि शेवटचं भोक यांतलं अंतर मी नंतर पावलांनी मोजलं. हजार तीनशे ऐंशी.

आत गेल्यावर मैदान दिसेल अशी माझी कल्पना होती. तिथे दिसली ती पाठ. जिकडे बघावं तिकडे माणसांच्या पाठी, आणि त्यांच्यापलीकडे कुठेतरी गोल्फ. एका मोठ्या जमावाच्या मागे आम्ही चाळीस मिनिटं चाललो. "हे आघाडीच्या जोडीमागे निघालेत, भाऊजी," मेव्हणा म्हणाला. जमाव एका वळणावर थांबला, शिस्तीत रांग लागली आणि आम्ही स्वच्छतागृहापाशी असल्याचं स्पष्ट झालं. आता आलोच आहोत तर, म्हणून आम्हीही रांगेत राहिलो.

शेवटी फळा सापडला. दोघे पुढे होते आणि एकाच जोडीत खेळत होते. एकाच्या डोक्यावर लाल टोपी होती म्हणून लोक त्याला लालटोपी म्हणत. दुसरा ताडमाड उंच, तो लंबू. मला एवढं पुरेसं होतं. गर्दी सगळी लालटोपीच्या बाजूची. का, ते कळलं नाही. विचारलं तर लोक माझ्याकडे अशा नजरेने बघत की जणू मी सूर्य का आवडतो असं विचारलं.

अठराव्या, म्हणजे शेवटच्या भोकापाशी दोरीलगत जागा मिळवून मी माझी माणसं हेरून ठेवली. ही आमची धंद्यातली सवय आहे. घटना घडायच्या आधी माणसं ठरवून ठेवायची. एक दातांचे डॉक्टर होते, लालटोपीच्या प्रत्येक फटक्याला डोळे मिटणारे. एक विमा एजंट होता. काठी टेकत आलेले एक आजोबा होते. आणि मोठ्या छत्रीखाली बसलेल्या एक बाई होत्या. त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या आणि सकाळी आठपासून तिथे होत्या. पाचवं माणूस मिळेना. मेव्हणा म्हणाला, "मी आहे ना!" नातेवाइकाची प्रतिक्रिया घेणं तत्त्वात बसत नाही, हे मी त्याला दोन वेळा सांगितलं.

लालटोपी आणि लंबू आले. लंबूचा चेंडू भोकात गेला. आता लालटोपीने एका फटक्यात चेंडू घातला तर तो एका फटक्याने जिंकणार होता. अंतर आमच्या दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत असेल. कडेच्या स्वयंसेवकांनी 'शांतता' लिहिलेल्या पाट्या उंच धरल्या. चार हजार माणसं गप्प झाली. मला ती शांतता फार आवडली. आमच्या कचेरीत ती कधी नसते. पाय भरून आले होते, म्हणून मी हलकेच स्टूल उघडलं.

खटाक्.

लालटोपीने काठी खाली ठेवली. चार हजार डोकी वळली. पाटीवाल्या स्वयंसेवकाने ती पाटी आणून थेट माझ्या नाकासमोर धरली. मेव्हणा चटकन दोन पावलं बाजूला सरकला आणि अनोळखी माणसासारखा उभा राहिला. एका रांगेमागून कुणीतरी पुटपुटलं, "कुठून येतात असले!" मी स्टुलावर बसलो नाही. उघड्या स्टुलाशेजारी उभा राहिलो, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

लालटोपीने पुन्हा काठी उचलली. चेंडू निघाला, डावीकडे वळला, भोकाच्या काठावर येऊन रेंगाळला आणि आत पडला.

यानंतर काय झालं ते क्रमाने सांगणं कठीण आहे. दातांच्या डॉक्टरांनी मला मिठी मारली. मेव्हण्याने विमा एजंटाला उचललं. आजोबांनी काठी हवेत फेकली आणि मग ती शोधायला चौघांना कामाला लावलं. 'कसं वाटलं?' असं विचारण्याची गरजच नव्हती, लोक माझ्या कानात ओरडून सांगत होते. डॉक्टर: "मी आज सुखाने मरायला मोकळा!" एजंट: "माझ्या मुलाचं नाव मी याच्यावरून ठेवणार." आजोबा: "असा शेवट पुन्हा बघायला मिळणार नाही." छत्रीवाल्या बाई छत्री मिटत म्हणाल्या, "संपलं एकदाचं! लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता." त्यांचा नवरा जवळच होता, पण रडत असल्यामुळे त्याला ऐकू गेलं नसावं. पाचवी प्रतिक्रिया मेव्हण्याची घेतली. तत्त्व बाजूला ठेवलं. घड्याळात चार पन्नास झाले होते.

हजार तीनशे ऐंशी पावलं. टोकन. फोन. कचेरीत आमचा पानं लावणारा गडी फोनवर होता. त्याला पाचही प्रतिक्रिया सांगितल्या, त्याने त्या पुन्हा वाचून दाखवल्या, मी एक वेलांटी दुरुस्त केली. फोनवरून दिलेला मजकूर परत वाचून घेतल्याशिवाय पानावर चढवायचा नाही, हा नियमही माझाच. "चौकट लावली," तो म्हणाला. मी बाहेरच्या ठेल्यावरून चहा घेतला. झोपेला अजून वेळ होता.

मेव्हणा आत राहिला होता. त्याला घ्यायला परत गेलो, तर सगळी गर्दी जागच्या जागी उभी राहून फळ्याकडे बघत होती.

"भाऊजी, लालटोपी जिंकला नाही."

"मी स्वतः पाहिलं."

"जिंकला होता. मग त्याने सही केली."

हे मला तीन माणसांकडून तीन वेळा समजून घ्यावं लागलं. या खेळात आपली फटक्यांची नोंद आपण ठेवत नाही, जोडीदार ठेवतो. म्हणजे लालटोपीचं कार्ड लंबू भरत होता. खेळ संपल्यावर खेळाडूने ते कार्ड वाचायचं, बरोबर असेल तर सही करून पंचांच्या तंबूत द्यायचं. सतराव्या भोकाला लालटोपीने तीन फटके घेतले होते. लंबूने गडबडीत चार लिहिले. लालटोपीला बाहेर लोक खांद्यावर घ्यायला उभे. त्याने कार्ड वाचलं नाही. सही केली आणि दिलं. आणि नियम असा की सहीच्या वर जास्त फटके लिहिले असतील तर ते तसेच धरायचे. एक फटका वाढला, दोघे बरोबरीत आले. आता पुन्हा खेळ, जो आधी एखादं भोक जिंकेल तो विजेता.

लोक सैरभैर झाले होते. "पण सगळ्यांनी पाहिलं ना तीन!" डॉक्टर म्हणत होते. "चार हजार साक्षीदार आहेत!" "लंबूने मुद्दाम केलं असणार." "अहो, खोडून तीन लिहा की, खोडरबर नाही का तुमच्याकडे?" आजोबा पाटीवाल्याला विचारत होते. तो बिचारा 'शांतता'ची पाटी धरून उभा होता. या एका प्रसंगी ती खरोखर हवी होती, तर तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

आणि त्या सगळ्या गोंधळात एकच माणूस असा होता की ज्याला हे सगळं स्वच्छ कळलं होतं. तो मी. दिवसभरात पहिल्यांदा मला गोल्फ कळलं. नुसतं कळलं नाही, आवडलं. मी स्टूल उघडलं, त्यावर उभा राहिलो आणि जमलेल्या वीस-पंचवीस जणांना शांतपणे समजावलं की डोळ्यांनी पाहिलेलं महत्त्वाचं नसतं, सहीच्या वर काय आहे ते महत्त्वाचं असतं. माणूस आनंदात असतो तेव्हाच वाचायला विसरतो, म्हणून आनंदात तर दोनदा वाचावं. "हे सही करण्याआधी वाचलं असतं तर?" असं मी शेवटी विचारलं. उत्तराची अपेक्षा नव्हती.

"कोण हो तुम्ही?" डॉक्टर म्हणाले.

"मगाचे स्टूलवाले," विमा एजंट म्हणाला.

पुन्हा खेळ झाला तो थोडक्यात आटोपला. लालटोपीचा चेंडू तळ्यात गेला. डुबुक. मी टाळी वाजवली नाही हे नमूद करतो, कारण मेव्हण्याने वाजवली. त्याच्या कॉम्प्युटरवर तळ्यात गेला की संगीत वाजतं. लंबू जिंकला. जाताना लालटोपी आमच्या दोरीजवळून गेला. कुणीतरी हाक मारून म्हणालं, "तुमची चूक नव्हती!" तो थांबला आणि म्हणाला, "माझीच होती. वाचायला मला कोण अडवत होतं?" टोपी त्याच्या हातात होती. टोपीशिवाय तो अगदी आमच्या कचेरीतल्या कुणासारखाही दिसत होता.

मी माझ्या पाचही माणसांना पुन्हा गाठलं. डॉक्टरांनी नुसते डोळे मिटले. एजंट म्हणाला, मुलाचं नाव बायको ठरवेल. आजोबा म्हणाले, "असा शेवट पुन्हा कुणाला बघायला लागू नये." मेव्हणा म्हणाला, "सेव्ह करायला हवं होतं." छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "माझं मगाचंच लिहा. मगाशी संपलं नव्हतं, आता संपलं." सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

फाटकावर टोकनाची रांग तळ्यापर्यंत आली होती. चार हजार माणसांना एकाच वेळी आपले फोन हवे होते. माझ्या हाती फोन आला तेव्हा सहा सव्वीस झाले होते. पानवाल्याला घाईने नवी चौकट सांगितली. मागून लोक ढकलत होते, खिडकीतले गृहस्थ "बोलायचं बाहेर, बोलायचं बाहेर" म्हणत होते, मेव्हणा ओरडत होता, "भाऊजी, शेवटची बस निघाली, स्टूल आत चढलंय!"

"परत वाचून दाखवू का?" पानवाल्याने विचारलं.

मी घड्याळ पाहिलं. सहा एकोणतीस.

"नको. सोडा."

"तुमची सही धरू?"

"धरा."

बसमध्ये मी खुशीत होतो. मेव्हण्याला मी सांगत होतो की आपल्या धंद्यात घटनेपेक्षा कागद मोठा असतो. मग डोळा लागला. रविवारची झोप एकदाची मिळाली.

सोमवारी सकाळी सहा पन्नासला दार वाजलं. बायकोने उघडलं. तळमजल्यावरचे मॅनेजर स्वतः आले होते. अंक दाराशी ठेवून जायची त्यांची रीत मोडून, आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून.

"अहो, उठा," बायको म्हणाली. "मॅनेजरसाहेब पेढे द्यावेत तसं हसतायत."

त्यांनी अंक माझ्या हातात दिला. लाल गोल एवढा मोठा होता की त्यात दीड कॉलम मावला होता. वर वृत्तसंस्थेची बातमी: सहीची चूक भोवली, लालटोपी हरला. खाली चौकट: चाहत्यांमध्ये आनंदाची लाट. 'मी आज सुखाने मरायला मोकळा.' 'मुलाचं नाव याच्यावरून ठेवणार.' शेवटी मेव्हणा, व्यवसाय 'गोल्फतज्ज्ञ'. तो शब्द माझा नव्हता, त्याने अठराव्या भोकापाशी माझ्या कानात ओरडून सांगितला होता. नवी चौकट पानवाल्याने टाइप केली होती, जपून ठेवली होती, पण पानावर जुनीच राहिली होती. पानावरून परत वाचून घेतली असती तर तिथेच कळलं असतं.

"बसा ना," मी मॅनेजरांना म्हणालो.

"नको, आनंदात आहे. वर बाईंनाही दाखवायचंय."

कचेरीत कोणी काही बोललं नाही. त्यामुळे सगळ्यांना माहीत आहे हे कळलं. पानवाला आडोशाने चहा पीत होता. मी माझ्या खोलीत गेलो तर माझ्या खुर्चीवर क्रीडावार्ताहर बसला होता. पाय प्लास्टरमध्ये, तो पाय माझ्या कागदांच्या गठ्ठ्यावर. डॉक्टरांनी दोन आठवडे हलू नका सांगितलेलं असताना तो रिक्षा करून आला होता.

"या," तो म्हणाला आणि स्टुलाकडे बोट दाखवलं.

ते स्टूल एवढं ठेंगणं आहे याची मला बावीस वर्षं कल्पना नव्हती. बसलं की टेबलापलीकडच्या माणसाची हनुवटी तेवढी दिसते. मी मजकूर लिहून आणला होता. मोठ्याने वाचला: "कालच्या अंकात लालटोपीच्या पराभवानंतर चाहत्यांमध्ये आनंदाची लाट उसळल्याचे प्रसिद्ध झाले आहे. ती लाट पराभवाच्या सव्वा तास आधीची होती. प्रत्यक्षात पाचही चाहते दुःखी होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"करा सही."

मी पेन उघडलं. मला टोपी हातात घेतलेला तो माणूस आठवला. त्याच्याभोवती निदान चार हजार माणसं हळहळली होती. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. क्रीडावार्ताहराने उचलला, ऐकलं आणि माझ्यापुढे धरला. "कुणी छत्रीवाल्या बाई आहेत म्हणे."

"अहो, तुमच्या पानवाल्याने सांगितलं तुम्ही दुरुस्ती छापताय," बाई म्हणाल्या. "माझं काही दुरुस्त करू नका हं. मला आनंदच झाला होता. दोन्ही वेळा. आमच्या ह्यांनी पेपर वाचून अबोला धरलाय, तरी माझं तेच म्हणणं आहे."

मी फोन ठेवला. मजकुरातला 'पाचही' शब्द खोडून 'पाचपैकी चार' केला आणि खाली एक ओळ वाढवली: 'एका महिलेचा आनंद कायम आहे.' मग पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं आणि सही केली.

क्रीडावार्ताहर पुढे वाकला. अकरा दुरुस्त्या त्याच्या चेहऱ्यावर उजळल्या होत्या. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, पुन्हा मिटलं.

"चहा घेणार?" त्याने विचारलं.

मी घेतला. स्टुलावरच बसून.